मुक्त की विकतचं? दुकान, शाळा आणि सोसायटीसाठी सॉफ्टवेअर निवडताना आधी फाइल बघा

मागच्या ऑगस्टमध्ये तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे सचिव पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात आले. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा घ्यायची होती, अहवाल छापायचा होता. मागच्या बारा वर्षांचे अहवाल, सभेचे ठराव, पोटनियमांच्या दुरुस्त्या असं सगळं त्या पेन ड्राइव्हवर. पहिली फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चुरा. दुसरी, तिसरी, तीच गत. सचिवभाऊ वाकून बघत होते. म्हणाले, ‘ताई, हाई काय व्हयनं?’

फायली खराब झाल्या नव्हत्या. ज्या दुकानात त्या टाइप झाल्या, तिथे मराठीसाठी विकतचा एक प्रोग्रॅम होता. त्याचे फॉन्ट त्याचेच, आणि तो चालायला संगणकाच्या मागे एक किल्ली खोचून ठेवावी लागायची, म्हणजे डोंगल. ते दुकान बंद पडलं, संगणक भंगारात गेला, किल्ली कुठे गेली कोणालाच माहीत नाही. सोसायटीने टायपिंगचे पैसे दरवर्षी चोख दिले होते. मजकूर सोसायटीचा, सभासदांचा. पण तो वाचायची चावी तिसऱ्याच्या हातात होती, आणि हे बारा वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मी चोपड्यात तहसील कचेरीजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. वीस वर्षांत विकतचे प्रोग्रॅम वापरले, मुक्त प्रोग्रॅम वापरले, आजही दोन्ही वापरते. ‘कोणतं घेऊ?’ हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. माझं उत्तर प्रोग्रॅमच्या नावाने सुरू होत नाही. आधी फाइल बघायची. ती कोणाकडे जाते, दहा वर्षांनी कोणी उघडायची, आणि आज वापरतो तो प्रोग्रॅम नसला तर ती उघडेल का? एवढं कळलं की निम्मी निवड झालेलीच असते.

मुक्त आणि फुकट एक नव्हे

अमेरिकेतले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सुरू केलं. त्यांच्या व्याख्येत चार गोष्टींची मोकळीक येते. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवा, तो आतून कसा चालतो ते बघा आणि बदला, त्याच्या प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. इंग्रजीत मुक्त आणि फुकट दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द पडतो, म्हणून तिकडे घोळ होतो. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, तर ते वेगळेच वापरूया.

व्यवहारात हा फरक असा दिसतो. दुसऱ्याचा संगणक लांबून चालवण्यासाठी अनेकजण एनीडेस्क फुकट वापरतात. पण ते फुकट आहे ते घरगुती, वैयक्तिक वापरासाठी. दुकानात धंद्यासाठी वापरलं तर परवाना विकत घ्यावा लागतो. फायली दाबून एकत्र बांधणारं विनरार वर्षानुवर्षं फुकट चालल्यासारखं वाटतं, पण परवान्याप्रमाणे ते चाळीस दिवसांच्या चाचणीपुरतंच आहे. तेच काम करणारं सेव्हन-झिप मात्र मुक्त आहे, शंभर दुकानांत टाका, कोणी विचारणार नाही. डब्ल्यूपीएस ऑफिसचं फुकट रूप मिळतं, पण ते मुक्त नाही. कंपनीने उद्या अट बदलली तर आपण काही करू शकत नाही.

आणि तिसरा प्रकार, ज्याचं नाव कोणी घेत नाही पण जो आपल्या बाजारपेठेत सर्वांत जास्त आहे: क्रॅक मारलेली प्रत. ‘सगळं टाकून देतो, पाचशे द्या’ म्हणणाऱ्याकडून संगणक भरून घेतला की त्यात हेच असतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे अशी प्रत माहीत असून वापरली तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, क्रॅक टाकताना पहिलं काम काय करायला सांगतात? अँटिव्हायरस बंद करा. ज्या संगणकावर तुमचं नेट बँकिंग आणि ग्राहकांचे आधार क्रमांक आहेत, त्याचं दार आपल्या हाताने उघडून द्यायचं. म्हणून माझ्या लेखी निवड दोघांतच आहे, मुक्त किंवा पैसे मोजून घेतलेलं.

पायरी पहिली: आठवडाभर वही लिहा

काही डाउनलोड करू नका, काही विकत घेऊ नका. एक वही घ्या आणि आठवडाभर संगणकावर जे जे काम होतं ते लिहा. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी: फाइल कोणत्या प्रकारची झाली, ती कोणाकडे गेली, आणि अडलं तर कोणाला फोन केला.

रावेरकडचे एक केळीचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे बसून मी ही वही भरून घेतली होती. सकाळी बऱ्हाणपूरचा भाव व्हॉट्सॲपवर येतो. तो बघून आपला भाव ठरतो. कटाई झाली की वजन क्विंटलमध्ये एक्सेलच्या तक्त्यात जातं, त्यातून शेतकऱ्याची पट्टी निघते, हमाली आणि इतर कपात वजा होऊन. ट्रक भरला की दिल्लीकडच्या व्यापाऱ्याला बिल, पीडीएफ करून. संध्याकाळी सगळ्या नोंदी टॅली या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये, आणि महिन्याच्या शेवटी टॅलीचा बॅकअप जळगावच्या सीएंकडे.

त्यांना वाटत होतं आपल्याला ‘पूर्ण ऑफिस’ विकत घ्यावं लागेल. वहीत दिसलं ते वेगळंच. एक्सेलचा तक्ता घराबाहेर कधी जातच नव्हता. बाहेर जात होती ती पट्टी आणि बिलं, तीही छापून किंवा पीडीएफ करून. बाहेरच्या माणसाशी खरोखर बांधलेली फाइल एकच होती, टॅलीची. मग निर्णय सोपा झाला. टॅली रीतसर विकत, बाकी सगळं लिबरऑफिसवर, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखीच कामं करणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमवर. वही भरली नसती तर मीही त्यांना काहीतरी अंदाजाने सांगून मोकळी झाले असते.

पायरी दुसरी: अडवणाऱ्या गोष्टी आधी शोधा

कोणत्या चार-पाच गोष्टी तुम्हाला एका बाजूला बांधून ठेवतात ते आता बघा. उत्साहाने सगळं बदललं आणि आठव्या दिवशी एका गोष्टीपायी जुन्यावर परत यावं लागलं, असं मी बरेचदा पाहिलंय.

डिजिटल सहीचं टोकन ही पहिली. ई-टेंडर भरणारे ठेकेदार आणि कंपन्या यांचं काम त्या पेन ड्राइव्हसारख्या टोकनवर चालतं. त्याचा ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करणारा छोटा प्रोग्रॅम लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली) तुमच्या टोकनसाठी मिळतो का, हे देणाऱ्याला विचारा आणि एकदा प्रत्यक्ष सही करून बघा. टेंडरच्या शेवटच्या दिवशी नव्हे.

आधारच्या अंगठ्याचं यंत्र ही दुसरी. त्याची आरडी सेवा, म्हणजे अंगठ्याचा ठसा आधारकडे सुरक्षित पाठवणारा प्रोग्रॅम, मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते. सेवा केंद्र चालवत असाल तर त्या एका संगणकावर विंडोज राहू द्या, आणि ते परवान्याचं घ्या.

तिसरी गोष्ट मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा. जीएसटीच्या पोर्टलवरच्या काही ऑफलाइन फायली मॅक्रो असलेल्या एक्सेलमध्येच येतात, त्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलशिवाय नीट चालत नाहीत. लिबरऑफिसला काही मॅक्रो कळतात, सगळे नाही. कर सल्लागार असाल तर एक्सेल घ्या, इथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. दुकानदार असाल आणि रिटर्न सल्लागारच भरत असेल तर ही अडचण तुमची नाहीच.

प्रिंटरचं मात्र विसरू नका. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवणं म्हणजे डोकेदुखी असते, तर काही वायर जोडताच चालू होतात. आपलं मॉडेल कोणतं ते आधी तपासा.

पायरी तिसरी: किंमत पाच वर्षांची काढा

विकतच्या प्रोग्रॅमची किंमत दोन प्रकारची असते. एकदाच भरायची, किंवा दरवर्षी. वार्षिक वर्गणीच्या प्रोग्रॅमसाठी आकडा पाचने गुणून लिहा, कारण पाच वर्षं तुम्ही तो वापरणार आहातच. मग वर्गणी थांबली तर काय होतं तेही लिहा. काही प्रोग्रॅम फक्त बघू देतात, बदल करू देत नाहीत. काही उघडतच नाहीत. अशा वेळी ती वर्गणी प्रोग्रॅमची राहत नाही, स्वतःच्या जुन्या कामापर्यंत पोचण्याचं ते भाडं होतं.

मुक्त प्रोग्रॅमलाही किंमत असते, ती वेळेची. हात बसायला दोन-तीन आठवडे जातात. टायपिंग करणारी मुलगी पानामागे पाच मिनिटं जास्त घेते आणि लग्नसराईत ते परवडत नाही. हे खर्चात धरा. कोणाला तरी पैसे देऊन बसवून घ्यायचं असेल तर तेही धरा, त्यात काही वावगं नाही. १९४५ मध्ये अमळनेरला तेलाची गिरणी म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि जगाला सॉफ्टवेअर सेवा देऊ लागली. जळगाव, धुळे, शिरपूरच्या महाविद्यालयांतून शिकलेली पोरं आपल्याकडे आहेत. परवान्याचा पैसा बाहेर जातो. बसवून देणाऱ्याला, शिकवणाऱ्याला दिलेला पैसा तालुक्यात राहतो. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, पण ज्याचं काम त्याने अडत असेल त्याला मी एवढ्यासाठी आग्रह करणार नाही.

पायरी चौथी: सर्वांत अवघड तीन फायली घेऊन परीक्षा

आता लिबरऑफिस उतरवून घ्या. ते २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालं, द डॉक्युमेंट फाउंडेशन ते सांभाळतं. ओपनऑफिस नावाने जे अजून मिळतं ते मागे पडलेलं आहे, ते घेऊ नका. विंडोजवर जुन्या ऑफिसच्या शेजारीच लिबरऑफिस बसतं, काही काढावं लागत नाही.

परीक्षा साध्या अर्जावर घेऊ नका, साधा अर्ज सगळीकडेच उघडतो. तुमच्या सर्वांत किचकट तीन फायली घ्या. शाळा असेल तर निकालपत्रकाची फाइल, ज्यात सूत्रं एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात. सोसायटी असेल तर ताळेबंदाची. कचेरीशी पत्रव्यवहार असेल तर लेटरहेड, तक्ता आणि तळटीप असलेलं पत्र. त्या उघडा, छापा, आणि जुन्या छापील पानावर ठेवून उजेडात धरा. ओळ कुठे सरकली ते लगेच दिसतं.

ओळी सरकल्या तर बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया हे फॉन्ट लिनक्सवर नसतात. त्यांच्याच मापाचे मुक्त फॉन्ट कार्लिटो आणि कॅलाडिया आहेत, ते बसवले की इंग्रजी मजकूर जागेवर येतो. तक्त्यात बेरजा ताडून बघा, आणि तारखा नक्की बघा. ०५/०६ ही पाच जून राहिली की सहा मे झाली? भाषा अमेरिकन इंग्रजी राहिली तर ही चूक होते आणि व्याजाच्या हिशोबात ती महागात पडते. सेटिंगमध्ये इंग्रजी भारतीय निवडा.

मराठीसाठी एक खूण न विसरता करायची. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात भाषांचा विभाग, तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा. हे केलं नाही तर तुम्ही फॉन्टचा आकार वाढवता आणि मराठी अक्षर तसंच राहतं, कारण प्रोग्रॅम इंग्रजी आणि देवनागरीचे फॉन्ट वेगवेगळे धरतो. ‘लिबरऑफिसमध्ये मराठी नीट येत नाही’ ही तक्रार घेऊन आलेल्यांपैकी निम्म्यांचं काम या एका खुणेने झालंय. दुसरा फायदा असा की ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची दोन्ही वळणं असतात, त्यात हिंदी वळण जाऊन आपलं मराठी वळण येतं.

आणि आपल्याकडच्या विजेसाठी: लोड-सेव्हच्या विभागात आपोआप जतन होण्याची वेळ दहा मिनिटांची असते, ती तीनवर आणा. ‘नेहमी बॅकअप प्रत ठेवा’ यावरही खूण करा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा वीज कधी जाईल सांगता येत नाही. दहा मिनिटांचं टायपिंग गेलं की माणूस प्रोग्रॅमलाच दोष देतो.

पायरी पाचवी: मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणा

मुक्त घ्या किंवा विकतचं घ्या, ही पायरी टाळू नका.

जुन्या मराठी फॉन्टची गंमत समजून घ्या. त्यात ‘क’ ही संगणकाच्या दृष्टीने ‘क’ नसतेच. आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्याच्यावर ‘क’चं चित्र काढतो. फॉन्ट गेला की चित्र गेलं, उरतो तो चुरा. कोणत्या फॉन्टने कोणत्या चिन्हावर कोणतं चित्र काढावं याला एक नियम नव्हता, प्रत्येक कंपनीचा आपला वेगळा. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, जगात कुठेही तोच.

तुमची फाइल कशातली आहे हे ओळखायला दहा सेकंद पुरतात. एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे. चुरा झाला तर जुना फॉन्ट आहे. लगेच अन्डू करा आणि आधी त्या फाइलची प्रत काढून ठेवा.

सोसायटीच्या फायली आम्ही कशा सोडवल्या ते सांगते. फाइलमध्ये फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं, चुरा दिसत असला तरी फॉन्टच्या चौकटीत ते वाचता येतं. त्या नावाचा रूपांतर करणारा प्रोग्रॅम शोधायचा; बऱ्याच प्रचलित जुन्या फॉन्टसाठी असे परिवर्तक मोफत मिळतात. मग आधी इंग्रजी मजकूर बाजूला काढायचा. हे केलं नाही तर परिवर्तक इंग्रजी शब्दांनाही जुना मराठी फॉन्ट समजून त्यांचं निरर्थक देवनागरी करून टाकतो. आमच्या पहिल्या प्रयत्नात बँकेच्या सगळ्या शाखा-कोडांचं असंच झालं आणि पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. तक्ते असतील तर एकेक रकाना करायचा, अख्खा तक्ता नाही.

नंतर तपासणी. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचं उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तक चुकतो तो नेमका इथेच. म्हणून ‘वार्षिक’, ‘आर्थिक’, ‘निर्णय’, ‘शेतकऱ्यांच्या’ असे शब्द शोधून बघा, एका जागी चुकले असतील तर सगळीकडे तसेच चुकलेले असतात आणि ‘शोधा-बदला’ने एका झटक्यात सुधारतात. आकडे मात्र डोळ्यांनीच तपासायचे. सचिवभाऊ जुना छापील अहवाल हातात घेऊन रक्कम वाचत होते आणि मी पडद्यावर बोट ठेवत होते. चार संध्याकाळी गेल्या. सातव्या वर्षाच्या अहवालात एका ठिकाणी तीनचा आठ झालेला सापडला, भागभांडवलाच्या रकमेत.

टायपिंगचं म्हणाल तर विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक असे दोन्ही कळफलक आतच असतात, वेगळं काही विकत घ्यायला नको. लिनक्सवर आयबस नावाची सोय आहे, तीत याखेरीज रेमिंग्टन पद्धतीचाही कळफलक मिळतो. ज्यांनी टायपिंगची परीक्षा रेमिंग्टनवर दिली त्यांची बोटं बदलायला लावू नका, युनिकोडसाठी तशी गरज नाही. नवीन शिकणाऱ्या मुलांना मात्र इन्स्क्रिप्टच शिकवा. फॉन्टसाठी मुक्ता, लोहित, नोटो, आणि आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हे सगळे मुक्त आहेत. लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या अहवालापर्यंत काम होतं.

पायरी सहावी: कामागणिक माझा कौल

पत्रं, अर्ज, अहवाल, शाळेचे तक्ते: लिबरऑफिस. मूळ प्रत ओडीटी किंवा ओडीएसमध्ये ठेवा. हा ओपन डॉक्युमेंट प्रकार २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, त्याची रचना जाहीर आहे, म्हणून तो उघडणारे प्रोग्रॅम अनेक आहेत. कचेरीला वर्डचा डॉकएक्स प्रकार लागत असेल तर पाठवताना त्यात जतन करा. नुसतं वाचायचंच असेल तर पीडीएफ पाठवा.

हिशोब. सीए टॅली वापरत असतील तर टॅली घ्या. त्यांच्याशी भांडून तुमचा वेळ जाईल, शिवाय अडलं तर प्रत्येक तालुक्याला टॅली येणारा माणूस आहे, आणि मदत हाकेच्या अंतरावर असणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त मार्चअखेरीला खतावण्या, रोजमेळ आणि ताळेबंद एक्सेल आणि पीडीएफमध्येही काढून ठेवा, बॅकअपखेरीज. जीएसटी नसलेला छोटा धंदा, गणेश मंडळ, बचत गट, घरखर्च यांना ग्नूकॅश पुरतं. दुहेरी नोंदीची पद्धत आहे, पण जीएसटी रिटर्न ते करून देत नाही. हिशोब, माल, खरेदी-विक्री सगळं एकत्र सांभाळणारं मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त आहे आणि त्याला जीएसटीची जोड मिळते. जिनिंगसारखा, गोदाम आणि माल असलेला धंदा असेल तर विचार करा, पण बसवायला जाणकार लागतो. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं बंधनकारक आहे. तिथे निवड सीएंना विचारूनच करा.

छपाई आणि फ्लेक्स. इथे मी स्वतः अजून दोन्ही ठेवते. जळगावचे आणि धुळ्याचे बरेच छापखाने कोरलड्रॉच्या फायली मागतात. इंकस्केप मुक्त आहे, बॅनर, बोधचिन्ह यासाठी उत्तम आहे, जुन्या कोरल फायली काही प्रमाणात उघडतं. पण छपाईच्या चार रंगांचं काम त्यात कमजोर पडतं. चार रंगांची पुस्तिका करायची तर स्क्रायबस घ्या, २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १.६ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात, आणि छापखान्याला पीडीएफ द्या. छापखान्याला आधी विचारा. पीडीएफ चालेल म्हणाले तर तुम्ही मोकळे. पेजमेकरवर अजून बसलेल्यांना मात्र कळकळीने सांगते, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि त्याला युनिकोड कळतच नाही. त्यात आज टाइप केलेलं प्रत्येक पान उद्याचा चुरा आहे.

फोटोंसाठी गिंप, आवाजासाठी ऑडॅसिटी, व्हिडिओ बघायला व्हीएलसी, इंटरनेटसाठी फायरफॉक्स. यात विचार करण्यासारखं फार नाही, टाका आणि वापरा.

पायरी सातवी: विंडोज ठेवायचं की लिनक्स?

हा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला. वर सांगितलेले बहुतेक मुक्त प्रोग्रॅम विंडोजवरही चालतात, त्यामुळे मुक्त वापरायचं म्हणजे आधी लिनक्स टाकायचं असं अजिबात नाही. आधी प्रोग्रॅम बदला, हात बसू द्या, मग खालची पायाभरणी बदलायची की नाही ते ठरवा.

पण विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळांमधले, छोट्या दुकानांमधले कितीतरी चालते संगणक त्यात बसत नाहीत. अशांसाठी लिनक्स मिंट बघा. दोन जीबी रॅमवर चालतं, चार असलं तर बरं. जुन्या यंत्रासाठी त्याची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात, आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वतःच्या कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण केलंय, त्यामुळे ‘सरकारी कामाला चालत नाही’ असं कोणी सांगितलं तर कोणतं काम, हे विचारा.

मिंट पेन ड्राइव्हवरून थेट चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्ह तयार करा, संगणक त्यावरून सुरू करा आणि एक संध्याकाळ वापरा: प्रिंटर, वायफाय, आवाज, मराठी टायपिंग, तुमच्या त्या तीन अवघड फायली. पेन ड्राइव्हवरून थोडं संथ चालेल, त्यावरून मत बनवू नका. सगळं चाललं तरच बसवायचा विचार.

पायरी आठवी: बदल केव्हा आणि कसा

मार्चमध्ये नाही. शाळेने निकालाच्या महिन्यात नाही, कापसाच्या व्यापाऱ्याने दिवाळीनंतरच्या आवकेत नाही. कामाला उसंत असेल तो महिना निवडा.

एका वेळी एकच प्रोग्रॅम बदला आणि महिनाभर जुना तसाच राहू द्या. कर्मचाऱ्यांना आधी सांगा. सकाळी येऊन पडदा वेगळाच दिसला की माणूस बिथरतो, आणि त्याचं बरोबर असतं. नेहमीच्या दहा कामांची चिठ्ठी मराठीत लिहून संगणकाशेजारी चिकटवा: कुठे दाबलं की पीडीएफ होतं, मराठी कळफलक कसा येतो.

बदलाच्या आधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढा, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत. आणि प्रत काढली एवढ्यावर थांबू नका. त्यातल्या कोणत्याही पाच फायली दुसऱ्याच, ज्यावर तुमचा प्रोग्रॅम नाही अशा संगणकावर उघडून बघा. दर सहा महिन्यांनी हे करा, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सोसायटीचे सचिव आता अहवालाच्या तीन प्रती नेतात: एक छापील, एक पीडीएफ, एक ओडीटी. मागच्या महिन्यात ते नव्या पेन ड्राइव्हवर बारा वर्षांचे रूपांतर केलेले अहवाल घेऊन आले होते. शेजारच्या शाळेतल्या संगणकावर पाच उघडून बघितले होते, सगळे उघडले. सहावा माझ्यासमोर उघडला आणि शोधाच्या चौकटीत ‘पोटनियम’ असं टाइप करून नेमका ठराव काढून दाखवला.